बॅग तू उचल

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

कांजूरमार्ग पूर्व,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. श्रुतिका बाय हिला आजीचे आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे बरे. तूही बरी असशील. नसलीस तरी फोनवर "मस्त गं आजी" एवढंच सांगशील, म्हणून ते विचारायच्या भानगडीत पडत नाही.

पत्र बघून दचकू नको. कोणाला काही झालेलं नाही. आजोबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि माझी साखर डॉक्टरला पाहिजे तेवढीच आहे. पत्र अशासाठी की फोनवर आपल्याला बोलता येत नाही. तुझे बाबा लगेच स्पीकर लावतात, तुझी आई मागून "जेवलीस का, काय जेवलीस" सुरू करते, आणि आजोबांना ऐकू जात नाही म्हणून ते मधेमधे "काय म्हणता ता?" करत बसतात. मग मला बोलायचं असतं ते राहतं ते राहतंच. कागदावर कसं, आपण दोघीच. चौथीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं. तुझ्याच जुन्या वहीची कोरी पानं घेतली आहेत. वर तुझं नाव आणि "जीवशास्त्र" लिहिलेलं आहे, ते खोडलं नाही.

पत्र रश्मीच्या हातून पाठवतेय. भावाचं लग्न उरकून ती शनिवारी परत डब्लिनला निघते. तिच्या आजीने, म्हणजे आपल्या शकूने, तिच्या बॅगेत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ एवढं भरलंय की विमान एका अंगाला कलून जाईल. मी म्हटलं, "अगं, तिकडे दुकानं आहेत." तर म्हणते, "दुकानं आहेत, पण त्यात शकू नाही ना बसलेली." आता एवढी वर्षं शेजार केल्यावर मला कळलंय की हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तांदळाच्या भाकरीला ती अजून पापड म्हणते.

बाकी बातम्या. तुळशीचं लग्न रविवारी लावलं. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, मग आम्ही खिडक्या लावतो, खिडक्या लावल्या की आजोबा म्हणतात जीव गुदमरतो, मग उघडतो. असा आमचा हिवाळा चाललाय. लिफ्टचं तर विचारूच नको. बंद पडते, तुझा सिद्धेश रविवारी मुलुंडहून येऊन चालू करतो, तीन-चार दिवस चालते, पुन्हा बंद. आपली लिफ्ट त्याच्या कंपनीची नाही, तिला हात लावणं त्याचं काम नाही, पण बिल्डिंगमधले सगळे आता त्याच्याच वाटेकडे डोळे लावून असतात. चौथ्या माळ्यावरचा निलेश तर परवा त्याला म्हणाला, "भाऊ, तुम्ही डब्लिनला गेलात की आमची वाट लागली. बायकोला घेऊन लवकर या." सिद्धेश नुसता हसला.

तो दर रविवारी येतो. लिफ्ट बघायला जातो असं त्याच्या आईला सांगून निघतो. लिफ्टचं काम व्हायला कितीसा वेळ लागतो. नंतर तो वर येऊन माझ्याजवळ बसतो. बसून काय करतो ते पुढे सांगेन. सांगितलं तर.

आता मुद्द्यावर येते.

सोमवारी तू घरच्या ग्रुपवर लिहिलंस ते तुझ्या आईने मोठ्याने वाचून दाखवलं. सिद्धेश येईल त्या दिवशी तुला ड्युटी आहे, त्याने विमानतळावरून टॅक्सी करावी, जवळच एक लॉज बघून ठेवलाय, तुझ्या खोलीत रश्मी असते म्हणून तसं. वाचून झाल्यावर तुझ्या आईने फोन पालथा ठेवला. तुझे बाबा पंख्याकडे बघत राहिले. आजोबांना दोनदा ऐकवावं लागलं. मग ते म्हणाले, "नवऱ्याक लॉजवर?" आणि जप करायला बसले, जपाची वेळ नसताना. तुझ्या सासूबाईंचा फोन आला तो मी घेतलाच नाही, भाजी फोडणीला टाकली होती. सिद्धेशने काय केलं माहीत आहे ना? त्याने अंगठा पाठवला. त्या पिवळ्या अंगठ्याचा अर्थ मला अजून नीट कळत नाही. शकू म्हणते, "त्याचा अर्थ बरं, चालेल." मी तिला म्हटलं, बरं आणि चालेल या दोन गोष्टी वेगळ्या असतात.

काल मी रश्मीला धरलं. ती ओट्याजवळ उभी राहून चहा पीत होती. मी म्हटलं, "काय गं, एका खोलीत राहता तुम्ही. तिचा नवरा येतोय तर चार दिवस तुला दुसरीकडे नाही का सरकता येत?"

रश्मीने शकूकडे बघितलं. शकू म्हणाली, "सांग की. त्यांच्यापासून काय लपवायचं."

"आजी," रश्मी म्हणाली, "मी तिला दसऱ्यालाच सांगितलंय, मी खालच्या मल्याळी मुलींच्या खोलीत झोपेन, हवं तितके दिवस. ती खूश होती. विमानतळावर जायचं म्हणून ड्युटी पण बदलून घेतली होती. विमानतळावर उभं राहून येणारं विमान दिसतं का वगैरे विचारत होती सगळ्यांना. आणि रविवारी रात्री एकदम मला मेसेज की राहू दे, तू कुठे जाऊ नको, त्याला लॉज बघितलाय. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही."

मी रश्मीला पुढे काही विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. रविवारी काय झालं ते मला माहीत आहे. मी तिथेच होते.

तुला फोनमधून जेवढं दिसलं तेवढंच तू धरून बसली आहेस, म्हणून सगळं लिहिते.

तुळशीच्या लग्नाला सिद्धेश दुपारीच आला, तुझे सासू-सासरे मागून जेवायला आले. सिद्धेश परदेशी जायचा म्हणून आजोबांनी देवापुढे नारळ ठेवला. मुंबईत एवढी वर्षं काढली तरी गाऱ्हाण्याशिवाय यांचं पान हलत नाही. तुझ्या आईने फोन लावून समईला टेकवून ठेवला, तुला पण दिसावं म्हणून. तो आजोबांकडे तोंड करून होता. आम्ही बाकीचे सगळे मागे, म्हणजे तुला आमचा आवाज येत असणार, तोंडं दिसत नसणार. दारात शकू खुर्ची टाकून बसलेली. तिला आमचं गाऱ्हाणं आवडतं. म्हणते, तुम्ही देवाशी भांडणाच्या सुरात बोलता, बरं वाटतं ऐकायला.

आजोबांनी सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा. ह्यो तुझो लेकरू सिद्धेश साता समुद्रापलीकडे चललो हा, तेच्या वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेका सुखान ने, सुखान हाड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

इथवर ठीक होतं. इथे नारळ फोडायचा. पण तुला माहीत आहे, गाऱ्हाण्यात मनातलं राखून ठेवत नाहीत. राखलं तर देव ऐकत नाही अशी समजूत. आजोबा पुढे म्हणाले, "आणि माझा चेडू थय एकटा पडला हा. ह्यो जाता हा तो तेका घेवन येवक जाता हा. येताना दोगां येवंदेत, आणि परत तेचो पाय हयसून हलां नये, असा कर रे म्हाराजा."

तुला कायमची परत आणायचं म्हटल्यावर तुझ्या सासूबाई सगळ्यात मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणाल्या. तुझी आई म्हणाली. तुझे बाबा पुटपुटले. तेवढ्यात फोनमधून तुझा आवाज आला, "नेटवर्क नाहीये, ठेवते," आणि समईजवळचा फोन काळा झाला.

आता जे तुला दिसलं नाही ते सांगते. सिद्धेश होय म्हणाला नाही. मी त्याच्या शेजारीच होते. त्याचे ओठ मिटलेले होते आणि मान खाली. मीही म्हटलं नाही. गाऱ्हाण्याला होय न म्हणायची माझी ही पहिली वेळ. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी प्रसाद वाटायला उठले.

जेवण झाल्यावर तो लिफ्ट बघतो म्हणून बाहेर गेला. लिफ्ट त्या दिवशी चालू होती. थोड्या वेळाने मीही गेले, तर जिन्यात बसलेला. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले, वरच्या पायरीवर बसायला माझे गुडघे तयार होत नाहीत.

म्हणाला, "आजी, तिने ऐकलं."

"ऐकलं असेल. तू कुठे होय म्हणालास?"

"न म्हटलेलं कसं ऐकू जाणार तिला?"

हे त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, "मग फोन करून सांग की, मी तुला न्यायला येत नाहीये म्हणून."

"मग ती विचारेल, कशाला येतोयस."

"कशाला चाललायस?"

तो आपल्या तळहातांकडे बघत बसला. पिठाचे हात धुतले तरी नखांत थोडं राहतं, ते काढत होता. मग म्हणाला, "तिला मी तिकडे चालेन का, ते बघायला." हात पँटला पुसले. "फोनवर विचारलं तर तिला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल. नको म्हणायचं असलं तरी नको म्हणणार नाही ती. तिला तसं कोंडीत नाही पकडायचं, आजी. जातो, राहतो, बघतो. तिला अडचण वाटली तर फिरून आलो म्हणायचं. परतीचं तिकीट तसंही काढलेलंच आहे, त्याशिवाय सोडत नाहीत." आणि उठताना म्हणाला, "बॅगेत काय भरलंय ते मात्र कोणाला सांगू नका. तिला पण नाही." मी शब्द दिला.

पिठाचे हात कसले, असं तुला वाटलं असेल. तर तेच मघाशी राहिलं होतं. पावसाळ्यापासून दर रविवारी तुझा नवरा माझ्या ओट्यापाशी उभा राहून स्वयंपाक शिकतोय. आधी डाळ, मग बांगड्याचं तिखलं, मग आंबोळी. भाकरीला सगळ्यात वेळ लागला. पहिल्या भाकऱ्या बघून शकू म्हणाली, "जावई, तुमच्या भाकरीला कोपरे किती ते मोजा तरी." तो चिकाटी सोडत नव्हता. "आजी, ही फुगत का नाही?" मी म्हटलं, "तू दाबतोस म्हणून. ती काय लिफ्ट आहे का, बटण दाबलं की वर यायला?" पण आता फुगते. मागच्या रविवारी त्याने केलेली भाकरी शकूने खाल्ली आणि काही बोलली नाही. शकू बोलली नाही म्हणजे समज.

मला फार मजा आली गं या रविवारांची. मी आजवर पुरुषाला काही करून घातलं नाही असा दिवस गेला नाही, पण पुरुषाने माझ्यासमोर परात ओढून "पाणी किती घालू" विचारावं, हे या वयात बघायला मिळालं. त्याला मी विचारलं होतं, "तुझ्या आईकडे का नाही शिकत?" तर म्हणाला, "आई विचारेल, कशाला." बायकोला घेऊन यायला निघालेला माणूस भाकरी शिकत नाही, श्रुते. इकडे त्याला भाकरी करून घालायला घर भरून बायका आहेत.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

गुरुवार, दुपार

आजोबा झोपलेत. आज सकाळी ते आंबोळीवर रुसले. म्हणाले, "ही अशी काय ती? रबरासारखी?"

मी म्हटलं, "तवा नवीन आहे. नॉनस्टिक."

"आणि जुनो खय गेलो?"

"शकूकडे दिलाय."

शकू दारातच होती, आणि तिला खोटं बोलता येत नाही हे माझ्या लक्षातच नाही राहत. म्हणाली, "माझ्याकडे कुठे दिलास?" आजोबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून ते रबर संपवलं. हात धुताना मात्र पाठमोरे म्हणाले, "विमानात वजन करतत मां?" मी म्हटलं, "करतात." "मगे कपडे कमी घेवक सांग तेका," म्हणाले, आणि जाऊन पडले. रविवारी देवाला काय सांगितलं आणि आज काय बोलले याचा हिशेब त्यांनी मनात कसा लावला, ते मी विचारलं नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते. ही तुझ्या बाबांना ठाऊक नाही, आजोबांना तर नाहीच.

आमचं लग्न झालं तेव्हा आजोबा गिरणीत होते. रजा संपली, ते बोटीने मुंबईला गेले, मी गावी सासूबाईंकडे. आमच्याकडे घरोघरी तसंच होतं. पुरुष मुंबईत, बायका गावी, गणपतीला आणि शिमग्याला भेट. वर्षभराने सासूबाईंना काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "जा, घोवाक बघून ये."

लालबागला एका खोलीत आमच्या वाडीचे सगळे पुरुष मिळून राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्या जागी दुसरा. प्रत्येकाची एक ट्रंक, तेवढीच काय ती त्याची जागा. पण कोणाची बायको गावाहून आली की बाकीचे सगळे आपापल्या वळकट्या उचलून गॅलरीत जायचे. कोणी कोणाला सांगायचं नाही. ज्याची बायको आली त्याची खोली. आणि ती असेपर्यंत सगळ्यांना तिच्या हातचं जेवण, खानावळ बंद. असा नियमच होता त्यांचा.

मी मात्र बघायला म्हणून निघाले नाही. मी राहायला निघाले. कोणी तसं म्हटलं नव्हतं, मीच ठरवलं. आईने लग्नात दिलेला बिडाचा तवा ट्रंकेत घातला, त्याच्यावर आंबोळी कशी कडेने आपोआप सुटते. नारळाची खोवणी घातली. दोन पातेली, तांदूळ धुवायची रवळी, उकडे तांदूळ. वरून लुगडी टाकली, खालचं दिसायला नको म्हणून.

भाऊच्या धक्क्यावर उतरले तर आजोबा नव्हते. त्यांना दिवसपाळी होती, म्हणून त्यांनी खोलीतल्या कुंडलिक भावोजींना पाठवलं होतं. चांगला माणूस. आता नाहीत ते. मला म्हणाले, "धोंडूची बायल मां तू?" मी मान हलवली. ते ट्रंक डोक्यावर घ्यायला वाकले आणि तशीच खाली ठेवली.

"वयनी, धोंडे भरून हाडलंस की काय?"

"तवो आसा," मी म्हटलं.

"तवो?"

"आणि खोवणी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रंक डोक्यावर घेतली आणि चालू लागले. वाटेत एकदाच, मागे न बघता, विचारलं, "तेका ठावक आसा?" मी पदर सारखा केला. ते चालत राहिले.

संध्याकाळी आजोबा आले, हातात जिलबीचा पुडा. ट्रंक एव्हाना कोपऱ्यात बाकीच्या ट्रंकांमध्ये जाऊन बसली होती. त्यांच्यातलीच एक. खोलीतले पुरुष गॅलरीत गेले. आजोबांनी माझं सगळं केलं हो. राणीच्या बागेत नेलं, चौपाटीवर नेलं, महालक्ष्मीचं दर्शन घडवलं. बाकीचे येता-जाता "वयनी, काय व्हया?" विचारायचे. पाहुणीला ठेवावं तशी ठेवली मला, काडीइतकं काही कमी नाही. स्वयंपाक मी त्यांच्या भांड्यांत केला, त्यांच्या तव्यावर. माझा तवा बाहेर काढला असता तर तो का आणला हे सांगावं लागलं असतं, आणि ते मला कोणी विचारत नव्हतं.

मग एकदा जेवता जेवता आजोबांनी विचारलं, "मगे, परत खयच्या बोटीन जातंस?"

चांगल्या मनाने विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं, तिकिटाची सोय बघायला नको का. मी म्हटलं, "तुमी म्हणशात त्या."

निघाले तेव्हा ते स्वतः धक्क्यावर सोडायला आले. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी हमाल केला, आपल्या बायकोचं ओझं नीट जावं म्हणून. तवा आला तसा परत गेला. कुंडलिक भावोजींनी त्यांना कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. गिरणी बंद पडून आजोबा इकडे कांजूरला वॉचमनच्या कामाला लागले, तेव्हा कुठे मी मुंबईला आले. तोवर तुझे बाबा चड्डीतून पँटीत आले होते, आणि वडिलांना बघितलं की माझ्या मागे लपायचे.

मला आजोबांचा राग नाही. कधी नव्हता. त्यांना कळणार कसं? ट्रंक त्यांनी उचललीच नव्हती.

म्हणून सांगते. सिद्धेशला टॅक्सीत बसवू नको. टॅक्सीवाला बॅग डिकीत टाकेल आणि मीटर चालू करेल. त्याला सगळ्यांच्याच बॅगा जड. तू स्वतः जा. ड्युटी एकदा बदलून घेतली होतीस, ती पुन्हा बदल. तो म्हणेल, "राहू दे, मी घेतो." त्याचं ऐकू नको. त्याच्या हातातून बॅग काढून घे आणि एकदा उचल. जमिनीवरून चांगली वर उचल, नुसती चाकांवर ढकलू नको.

बॅगेत काय आहे ते सांगणार नाही असा त्याला शब्द दिलाय. नाही सांगत. आमच्याकडे आंबोळ्या सध्या नॉनस्टिकवर होतात, एवढी बातमी फक्त लिहिलेली आहे.

रश्मी वळकटी उचलून खालच्या मुलींकडे जाणार. तिने शकूसमोर कबूल केलंय आणि शकूसमोर कबूल केलेलं मोडायची तिची छाती नाही. तेव्हा लॉजचं काय ते तू बघ. ज्याचं माणूस आलं त्याची खोली, हा नियम आमच्या वेळचा असला तरी वाईट नव्हता.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाक. भाकरी नसेल, पावाचा तुकडा चालेल. तिकडे कावळे आहेत का, रश्मीला विचारलं. म्हणाली, समुद्रावरचे मोठाले पांढरे पक्षी आहेत, हातातला पाव पळवतात. मग तर उत्तमच, वाट बघायला नको.

तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तिकडे तुला बरं चाललंय, तुझ्या हाताखाली पेशंट बरे होतात, तुला इकडे यायचं नसेल तर येऊ नको. आजोबांचं मी बघते. आणि त्याला तिकडे ठेवायचं तुझ्या जिवावर येत असेल, तर तसं त्याला सांग, तो ऐकून घेईल, तो तसाच आहे. काही का ठरेना. पण तो काय घेऊन आलाय हे बघायच्या आधी त्याला परत कोणत्या विमानाने जातोस असं विचारू नको. एवढंच माझं मागणं आहे.

गाऱ्हाणं बायकांनी घालायची आमच्यात रीत नाही. पण आजोबा घोरतायत आणि कागदावर कोण बघतं. म्हणून घालते.

बा देवा रवळनाथा, म्हाराजा. ही तुझी प्रेमा कांजुरात बसान तुका सांगता हा. पुढच्या शनवारी माझो नातजावय विमानात बसतलो, तेका सुखान पोचय. तेच्या हातातला वझा माझ्या चेडवाक कळां दे. दोगां खय रवतली, हय की थय, ता तेंचा ता बगतीत, त्यात आमी कोणी बोट घालूचा नाय. फकत दारात इल्ल्या माणसाक पावणो करून ठेवची बुद्धी कोणाक देव नको रे म्हाराजा.

होय म्हणायला इथे कोणी नाही. ते तुझ्यासाठी ठेवलंय. इकडे फोन करून म्हणू नको, स्पीकर चालू असतो. तू आपली सगळ्यांच्या देखत मला एवढंच सांग, "आजी, बॅग जड होती." मला पोचेल.

त्या फोनपाशी बसलेली,
तुझी आजी,
प्रेमा